हिरव्या लुगड्याची बाळुती

तुळजा दूध पिता पिता झोपली आणि तिच्या नादानं निकिताचाही डोळा लागला. माघातल्या दुपारी ढोकीत असंच होतं. ऊन तापत नाही, नुसतं अंगावर पडून राहतं. कारखान्याकडून मळीचा गोड-आंबूस वास येत राहतो, उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं जवळ येतं आणि कडव्याच्या अध्येमध्येच लांब निघून जातं. त्या अर्धवट झोपेत निकिताला अंगणातल्या दोरीवरची बाळुती दिसत होती. हिरवी, अंजिरी, एक फिकट हळदी. वाऱ्यानं ती हलली की आपण पाळण्यात आहोत आणि घरच हलतंय असं तिला वाटायचं.

ती बाळुती म्हणजे सासूबाईंची लुगडी होती. तुळजा लातूरला जन्मल्याचा फोन आला त्याच दिवशी कस्तुराबाईंनी पेटीतली सहा जुनी लुगडी काढली आणि दातानं काठ तोडून टराटरा फाडली. नवं कापड लेकराला टोचतं, आणि घरातल्या जुन्या माणसाच्या अंगावरचं घातलं की त्याचं आयुष्य लेकराला लागतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा एक नियम निकिताला बाळंतपणाहून सासरी आल्या दिवशीच ऐकवला गेला होता. बाळुतं कधी पिळायचं नाही. पाणी निथळत दोरीवर टाकायचं. पिळलं की लेकराच्या पोटात पीळ पडतो.

निकिता बँकेत नोकरी करणारी बाई. पिळाचं तिला खरं वाटत नव्हतं, पण तिनं एकही बाळुतं पिळलं नव्हतं.

म्हणून तर आता डोळे किलकिले करून पाहताना ती हळूहळू जागी झाली. अंजिरी बाळुतं पिळलेलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाव्यासारखे पीळ, वाळून तसेच राहिलेले. शेजारच्या हिरव्याचंही तेच.

सासूबाई असं करणार नाहीत, तिला वाटलं. मग करतंय कोण?

पण त्या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न तिच्यापुढे होता. सोमवारी तिची रजा संपत होती. येडशीच्या शाखेत हजर व्हायचं, सकाळी नऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. दिवसभर तुळजा आजीजवळ, असं लग्न ठरताना नाही तरी डोहाळजेवणात ठरलेलंच होतं. आणि गेल्या आठवड्यात रजेच्या कागदांसाठी ती अर्धा दिवस येडशीला जाऊन आली, तेवढ्यात तुळजाच्या मांड्यांत लालभडक चट्टे उठले. ओलं राहिलं असणार, डॉक्टर म्हणाले. लातूरहून आईचा फोन आला, सोमवारपासून इकडं आण तिला. निकितानं स्वयंपाकघरात नवऱ्याला, उत्कर्षला, सांगितलं, "अजून एकदा असं झालं तर मी तिला लातूरला ठेवणार. मला कामावर जीव लागायचा नाही." ती हळूच बोलली होती. पण ह्या घराच्या भिंती जेमतेम वीतभर जाडीच्या, आणि कस्तुराबाई पलीकडंच पीठ मळत होत्या.

तुळजा दुपट्यावर उघडीच निजली होती. चट्ट्यांना वारा लागावा म्हणून आज तिला काहीच घातलं नव्हतं. मूठ तोंडाशी, आणि ओठ अजून दूध प्यायल्यासारखे हलत होते.

*

कस्तुराबाई ओसरीवर बसून लसूण सोलत होत्या. हल्ली त्या लसूण डोळ्यांनी सोलायच्या. पूर्वी बोलता बोलता, वाट बघता बघता सोलून व्हायचा. आता पाकळीवरची नजर काढली की साल कुठं आणि पाकळी कुठं ते कळेना.

दिवाळीला हातांना मुंग्या यायच्या. संक्रांतीपर्यंत मुंग्याही गेल्या आणि बोटांची टोकं नुसती होती तिथं राहिली, दुसऱ्या कुणाची तरी आणून लावल्यासारखी. एका सकाळी त्यांनी बाळुती भिजवायला हंड्यात हात घातला. पाणी उकळतं होतं. ते त्यांना फोड आल्यावर कळलं. भाकरी करताना भाजलं, असं त्यांनी घरात सांगून टाकलं. त्या वेळी हंड्याजवळ फक्त त्यांचे यजमान, हिंमतराव, उभे होते.

ओलं-सुकं ओळखायची एक युक्ती त्यांनी काढली होती. कुणी बघत नसलं की दोरीवरचं बाळुतं गालाला लावायचं. गालाला सगळं कळायचं. पण लेकराच्या अंगावरचं बाळुतं घडीघडीला गालाला कसं लावणार? त्या दिवशी निकिता येडशीला गेलेली, तेव्हा त्यांनी चार वेळा हात घालून पाहिलं. चारही वेळा त्यांना सुकं वाटलं. संध्याकाळी निकितानं सोडलं तेव्हा ते चिंब होतं.

 हे कळलं तर लेकरू लातूरला जाणार. आणि न सांगावं तर लेकराचं कातडं सोलवटणार. दोन्ही त्यांना दिसत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं.

"आई, इकडं बघ जरा," अर्पिता समोर येऊन बसली. अर्पिता त्यांची थोरली, उत्कर्षची अक्का. पुण्याहून सकाळच्या गाडीनं येडशीला उतरली होती ती एक भला मोठा खोका घेऊनच. बारशाला तिला येता आलं नव्हतं, आत्याशिवाय पाळण्यात नाव घातलं गेलं, ते तिला लागलं होतं. त्याची भरपाई म्हणून आता हा बाळंतविडा. त्यात झबली चार आणि बाकी सगळे डायपर.

"हे बांबूचे हायत," ती म्हणाली. पुण्यात ती आहे-नाही बोलायची. येडशीला उतरली की हाय-न्हाय व्हायची. "साधे डायपर शंभर वर्षं कुजत न्हायत. हे मातीत मिसळतात."

"लेकराला घालायचंय का रानात पेरायचंय?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"तसं न्हाय गं."

"तू नि उत्कर्ष बाळुत्यावरच वाढले. तुमचं काय वाकडं झालं?"

"वाकडं झालं न्हाय. पण तवा तू पंचविशीची होतीस. दिवसाला वीस बाळुती धुवायची. उद्या चैत्रात बोअर आटली की कशानं धुणार? टँकरच्या पाण्यानं?"

"आटंल तवा बघू. माझी लुगडी कशाला मग फाडली म्या?"

हे मात्र त्या मनापासून बोलल्या. ती लुगडी फाडताना त्यांना फार बरं वाटलं होतं. आपलं नेसून मऊ झालेलं आयुष्य नातीच्या अंगाला लागणार, ह्याच्यापेक्षा म्हातारीला दुसरं काय हवं?

अर्पितानं एक डायपर उलगडून मांडीवर पसरला. "पोत बघ की, किती मऊ हाय." कस्तुराबाईंनी बोटं फिरवली. त्यांना काहीच कळलं नाही. "हं," त्या म्हणाल्या.

"आणि ही पिवळी रेघ बघ. लेकरानं ओलं केलं की ही निळी होती. हात घालून बघायचं कामच न्हाय."

कस्तुराबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"हात घालायचं काम न्हाय?"

"न्हाय. लांबून दिसतं."

"निळीच होती? का आपली जराशी?"

"गडद निळी. शाईवानी."

कस्तुराबाईंनी डायपर उचलून उजेडात धरला. त्यांची नजर अजून चांगली होती. पलीकडच्या रानातल्या चिंचेवर बसलेलं व्हल्याचं पाखरू त्या इथून ओळखायच्या. त्या रेघेकडं त्या इतका वेळ पाहत राहिल्या की अर्पितालाच अवघडल्यासारखं झालं.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "सोमवारपासून हेच लावू."

अर्पितानं येताना गाडीत सात-आठ मुद्दे जुळवले होते. त्यातला निम्मा मालही खपला नव्हता. ती आईच्या तोंडाकडं बघतच राहिली.

*

भिंतीपलीकडं सोप्यात हिंमतराव बैलांचा कासरा वळत बसले होते, आणि त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. दहा वर्षं ढोकीत सरपंचकी केलेला माणूस. माणसं फुटतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण घरातलं माणूस असं उभ्या उभ्या फुटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

कारण संक्रांतीपासून बाळुती तेच धूत होते.

रोज सकाळी दहाला, बायका चुलीपुढं असताना, ते घमेलं घेऊन गोठ्यामागच्या हौदावर जायचे आणि फाटक लावून घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटली. मिशीवाल्या माणसानं पोरीची बाळुती धुवायची म्हणजे काय? चौथ्या दिवशी वाटली नाही. दहाव्या दिवशी तर ते वाट बघायला लागले. पाण्यात ते हिरवं लुगडं पसरलं की त्यांना आठवायचं, हे आपणच घेतलेलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तुळजापूरच्या यात्रेत. ते नेसून कस्तुरा गाडीत पुढं बसली होती आणि बार्शी नाक्यापर्यंत त्यांनी बैलांकडं पाहिलंच नव्हतं. छान दिसतीस, हे त्यांनी तेव्हा म्हटलं नाही, पुढंही कधी म्हटलं नाही. आता चाळीस-बेचाळीस वर्षांनी ते लुगडं पाण्यात सोडायचे, वर काढायचे, आणि त्यांना वाटायचं की आता तेच म्हणणं चाललंय.

दोघं नवरा-बायको ह्यावर एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी धुवायचं, कस्तुराबाईंनी विचारायचं नाही, असंच चालू होतं. आणि आता ती त्यांना न विचारता खोक्याच्या बाजूला जाऊन बसली होती.

ते उठून ओसरीवर आले. "ते काय चालायचं न्हाय," ते म्हणाले.

"अण्णा, तुमी कधीपासून ह्यात?" अर्पिता म्हणाली.

"घरात लेकरू हाय म्हणजे हायेच की ह्यात. मातीत मिसळतंय म्हणती ना? आण एक. लिंबाखाली पुरतो. मिरगाला उकरून बघू, मग काय ते बोलू."

"आणि मिरगापर्यंत ती काय घालंल?"

"बाळुती."

"धुवायचं कोण पण? आईच्या हाताकडं बघा जरा, अजून फोडाचे डाग हायत."

"धुतंय तसं चाललंय की." हिंमतराव जरा जास्तच जोरात बोलले. "कुणी तक्रार केली का? का गं, केली का तक्रार?"

कस्तुराबाईंनी वर पाहिलं नाही. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "त्यात रेघ हाय."

"रेघंला काय करायचंय? एवढी लुगडी..." आणि ते तिथंच थांबले. पुढचं वाक्य पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

लिंबाखालच्या बाजेवर उत्कर्ष रात्रपाळी करून झोपला होता. आवाजानं त्यानं कूस बदलली आणि तोंडावर टॉवेल ओढला. आपलं मत कुणीतरी विचारणार ह्याची त्याला झोपेतही कुणकुण लागली असावी.

*

निकिता उंबऱ्यात आली तेव्हा तिच्या एका हातावर तुळजा होती आणि दुसऱ्या हातात ते अंजिरी बाळुतं. सगळे तिच्याकडं पाहायला लागले. अर्पिताला वाटलं, आता हिचं मत पडलं की झालं.

निकितानं मत दिलं नाही. तिनं विचारलं, "आई, हे तुम्ही पिळलंय?"

"व्हय," कस्तुराबाई म्हणाल्या.

इतक्या पटकन म्हणाल्या की अर्पितानंसुद्धा मान वळवली. ह्या बाईनं दुसऱ्या कशालाही व्हय म्हटलं असतं तर चाललं असतं. पण बाळुतं पिळलं म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या जावेशी आठ दिवस अबोला धरला होता.

"तुम्ही?" निकितानं परत विचारलं. आवाज चढवून नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"म्या पिळलं," हिंमतराव म्हणाले.

 हिंमतरावांनी हातातला कासरा एकदा उलटा केला, एकदा सुलटा. "धोतर पिळतो तसं पिळतो म्या. बाळुतं पिळायचं नसतंय व्हय?"

त्यांना ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तो नियम बायकांचा होता, सासूकडून सुनेकडं आलेला. पुरुषाला तो कळायचं कारण नव्हतं. महिनाभर ते रोज इमानानं एकेक बाळुतं दोन्ही हातांनी करकचून पिळत आले होते. कस्तुराबाई मागाहून दोरीवरचे पीळ गुपचूप मोडायच्या, आज अर्पिताच्या येण्याच्या गडबडीत ते राहून गेलं होतं.

"पिळलं की काय होतं?" त्यांनी विचारलं. आणि मग कस्तुराबाईंच्या चेहऱ्याकडं पाहून त्यांना भलतंच उत्तर सापडलं. "हिला ते लाल चट्टे आलेत, ते त्यानं आले? माझ्यानं?"

सरपंचकीत कधी कुणापुढं न वाकलेला तो माणूस सुनेच्या हातातल्या फडक्याकडं असा बघत होता की निकितालाच तो चेहरा बघवेना.

"तुमच्यानं न्हाय." कस्तुराबाईंनी लसणाचं सूप बाजूला सारलं. "माझ्यानं. माझी बोटं मेलीत. ओलं कळत न्हाय मला, गरमबी कळत न्हाय. त्या दिवशी चारदा बघितलं म्या, चारदा सुकंच लागलं. लेकरू ओल्यात पडून राहिलं. ह्यांना ठाव होतं. म्हणून हे गोठ्यामागं धूत होते. म्या कुणाला सांगितलं न्हाय, कारण सांगितलं तर तुमी तिला लातूरला न्याल."

बाजेवर उत्कर्ष कोपरावर उठून बसला. टॉवेल खाली पडला तो त्यानं उचलला नाही.

"आई, पण सांगायचं की गं," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मग ती थोरलेपणानं सावरली. "मग निकिता, सोमवारपासून लातूरच बरं. आईलाबी त्रास न्हाय."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाल्या. "लातूरलाच ने. ते बरोबर हाय. एखाद्या दिवशी हातातनं सुटली तर म्या काय करू?"

गेले आठ दिवस निकिता हेच वाक्य मनात घोळवत होती. कसं सांगायचं, कुणासमोर सांगायचं, उत्कर्षनं तोंड पाडलं तर काय म्हणायचं. आता ते दुसऱ्याच तोंडून आयतं आलं, आणि तिला सुटल्यासारखं काही वाटेना. तिला दोरीपाशी उभ्या राहिलेल्या सासूबाई आठवल्या. बाळुतं गालाला लावून डोळे मिटलेल्या. दोन-तीनदा पाहिलं होतं तिनं, आणि उत्कर्षला हसत सांगितलंही होतं, तुझी आई बाळुत्यांचेसुद्धा लाड करते. लाड नव्हते ते. बाई ओल शोधत होती. आणि आपण त्याच घरात राहून, त्याच लेकराची आई असून, तिला एकदाही विचारलं नाही की आई, हाताला काय झालंय. निकिताला स्वतःची फार लाज वाटली.

"सोमवारी मी कामावर जात नाही," ती म्हणाली. "एक दिवस रजा वाढवते. सोमवारी लातूरला जायचं ते तुमचा हात दाखवायला. सगळ्यांनी जायचं. आणि संध्याकाळी सगळ्यांनी परत यायचं, तुळजानंसुद्धा."

"निकिता, अगं..." अर्पिता म्हणाली.

"अक्का, तुमचे डायपर लागणारच आहेत. अण्णा रानात गेले की आईंनी ती रेघ बघायची. रेघ दिसते ना तुम्हाला?"

"दिसती," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आणि अण्णा घरी असले की बाळुती. ओलं त्यांनी बघायचं, बदलायचं त्यांनी, धुवायचं पण त्यांनीच. गोठ्यामागं नाही. इथं, अंगणात."

हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "गावातली माणसं येत्यात," ते म्हणाले. मग म्हणाले, "येऊ द्या की."

"आणि मला धरवलं न्हाय तर?" कस्तुराबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी सुनेला विचारला, दुसऱ्या कुणाला नाही.

निकिता पुढं झाली. "पाय पसरा," ती म्हणाली.

कस्तुराबाईंनी भिंतीला टेकून पाय पसरले. निकितानं वाकून तुळजाला त्यांच्या मांडीवर ठेवलं, होती तशीच उघडी, आणि आपले हात काढून घेतले. तुळजानं एकदा डोळे उघडले, आजीच्या कपाळावरचं गोंदण पाहिलं आणि परत मिटले. कस्तुराबाईंचे हात दोन्ही बाजूंना, जमिनीवर, तळवे वर करून तसेच पडले होते. मांडी धरून होती.

मग दुपार पुन्हा आपल्या जागेवर आली. अर्पिता खांबाला टेकली आणि प्रवासाच्या शिणानं पेंगायला लागली. उत्कर्ष अनवाणीच येऊन पायरीवर बसला, आईच्या पायांपाशी. हिंमतरावांनी कासरा वळायला घेतला आणि दोन पेडांनंतर ठेवून दिला. कारखान्याकडून तो गोड वास येत होता, दाट, डोळ्यांवर हात ठेवणारा. कुणी कुणाकडं बघत नव्हतं आणि सगळ्यांना सगळे दिसत होते. निकिताला वाटलं, आपण अजून मघाच्या झोपेतच आहोत, आणि हे घर खरंच हळूहळू हलतंय.

"मुतली," कस्तुराबाई म्हणाल्या.

कुणालाच दिसलं नव्हतं. निकितानं वाकून पाहिलं, तर लुगड्यावर नाण्याएवढा डाग, तो बघता बघता तळहाताएवढा झाला.

"तुला कसं कळालं आई?" उत्कर्षनं विचारलं.

"कळालं."

निकिता फडकं घेऊन पुढं झाली, लेकराला उचलायला.

"थांब जरा," कस्तुराबाई म्हणाल्या. "गरम हाय अजून."